रकान्यापुढची लाल चांदणी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. हिंजवडीच्या तुमच्या ऑफिसला आफ्रिकेतल्या एका देशाच्या जन्मनोंदणीचं काम आलंय आणि स्क्रीन आखायचं तुझ्याकडे सोपवलंय, हे वाचून बरं वाटलं. करारामुळे देशाचं नाव सांगता येत नाही म्हणतेस. ठीक आहे, मला जे सांगायचंय ते त्यावाचून अडत नाही.

तू विचारलंस की वीज आणि नेटवर्कची बोंब असेल तिथे काय करायचं. नोंद टॅबवरच पूर्ण होऊ दे, कायमचा क्रमांक जोडणी आल्यावर पडू दे, पण पावती मात्र त्याच दिवशी आईबापांच्या हातात पडली पाहिजे. 'सर्व्हर डाउन आहे, उद्या या' हे वाक्य तुमच्या यंत्रणेत कुणाला उच्चारावं लागता कामा नये. मजुरी बुडवून आलेला माणूस उद्या येत नाही. एवढं पुरे. आता न विचारलेलं सांगतो.

तू पाठवलेल्या नमुन्यात जवळजवळ प्रत्येक रकान्यापुढे लाल चांदणी आहे. ती जागा भरल्याशिवाय स्क्रीन पुढे सरकत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा कागदी नोंदवही होती. तीत कारकून एखादी जागा कोरी सोडून पुढची ओळ लिहू शकायचा. मशीनला ते जमत नाही, म्हणून तुझी प्रत्येक चांदणी कुठल्या ना कुठल्या मुलाला खिडकीवरून परत पाठवणार आहे. कोणाला, ते आधी शोध.

बाळाच्या नावापुढची चांदणी घे. आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी, तेही जमलं तर. आत्याला सुट्टी नाही म्हणून महिनाभर लांबलेली बारशी मी जेवलोय. तोवर दवाखान्याच्या मनगटपट्टीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव. आपला 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा हे धरून चालतो. जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची, नाव मागाहून घालता येतं: 12 महिन्यांत फुकट, पुढे शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. कायदा लिहिणाऱ्यांनी एखादं लांबलेलं बारसं पाहिलं असणार. तू मात्र चांदणी ठेवलीस, तर कारकून तिथे 'बाळ' किंवा 'एबीसी' टाकून मोकळा होईल, आणि सहा वर्षांनी शाळेच्या दारात ते दुरुस्त करायला आईबाप खेटे घालतील.

वडिलांच्या नावाचंही तेच. अविवाहित किंवा एकल आई दाखला मागायला आली, तर तिच्याकडून फक्त प्रतिज्ञापत्र घेऊन दाखला द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली सांगितलं. त्याच कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीत आईवडिलांचा आधार क्रमांक आला तोही 'उपलब्ध असल्यास'. या दोन शब्दांवर लक्ष ठेव. ते कायद्यात असतात, परिपत्रकात पुसट होतात आणि स्क्रीनपर्यंत पोचताना गळून पडतात. कुणी साहेब बैठकीत म्हणतो, डेटा स्वच्छ हवा. झालं, चढली चांदणी.

तारखेबद्दल जरा सविस्तर लिहितो. आमच्या पिढीत ज्याला विचारशील त्याचा वाढदिवस 1 जून. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोर सहा वर्षांचं दिसायचं, जन्माची नोंद नसायची, मग गुरुजी हिशेब जुळवून 1 जून लिहायचे. त्यात लबाडी नव्हती; दाखलखारिज रजिस्टरात तो रकाना कोरा ठेवायची सोय नव्हती. त्या तारखेवर माणसं नोकरीला लागली आणि त्याच तारखेच्या हिशेबाने निवृत्त झाली. तुमचं मशीन नुसतं वर्ष दिल्यावर 1 जानेवारी भरत असेल, तर तेही गुरुजीच. म्हणून तारखेजवळ 'नक्की' की 'अंदाजे' ही खूण ठेव, आणि आई जे बोलेल ते जसंच्या तसं लिहायला जागा ठेव. 'पोळ्याच्या आदल्या दिवशी' एवढं कळलं तरी पंचांगावरून तारीख निघते.

समजा, तो देश इथिओपिया निघाला. तिथे वर्षाचे महिने 13, साल आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे आणि दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आई 'तीन वाजता' म्हणाली तर आपले सकाळचे नऊ. नावात आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आजोबांचं, आडनाव नाहीच. आपल्याकडे 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आलाय. 'फर्स्ट नेम' आणि 'लास्ट नेम' हे तुमचे दोन डबे तिकडेही उपयोगाचे नाहीत आणि इकडेही. त्या देशात देशभर नोंदणी सुरू झाली 2016 मध्ये, आणि त्याच साली झालेल्या पाहणीत पाच वर्षांखालच्या जेमतेम 3 टक्के मुलांची नोंद होती. अशा ठिकाणी पहिल्या दिवसापासून काटेकोरपणा करायचा म्हणजे उरलेल्यांना बाहेरच ठेवायचं.

आपलंही सगळं आलबेल नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 साली पाच वर्षांखालच्या सुमारे 80 टक्के मुलांची नोंद होती, ती 2019-21 मध्ये 89 वर गेली. राहिलेली मुलं कोण? इंदापूर-बारामतीकडे ऊसतोडीला आलेल्या बाईचं बाळंतपण कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत होतं. कायद्याप्रमाणे नोंद जन्म झाला त्या गावात. पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, की कुटुंब बीडकडे परततं आणि दाखला हवा असतो तेव्हा ते गाव आठवणीतून गेलेलं असतं. माहेरी झालेल्या पहिल्या बाळंतपणाचीही गत तीच, फक्त माहेर विसरत नाही. तेव्हा दाखला देशातल्या कुठल्याही खिडकीवर मिळायला हवा. हे कागदाला जमत नव्हतं, संगणकाला जमतं. त्याचं खरं मोल मला इथे दिसतं.

घरी जन्मलेल्या मुलाची खबर कोण देणार, हेही आधी ठरवून घ्या. आई दाखल्यासाठी येत नाही, लशीसाठी येते. बांगलादेशात राजशाही शहराने या शतकाच्या सुरुवातीला जन्मनोंदणी संगणकावर आणताना ती लसीकरणाशी जोडली, ते शहाणपणाचं होतं. पण दीड महिन्याची लस आणि आपली 21 दिवसांची मुदत यांचा मेळ बसत नाही. तिकडची मुदत किती ते बघ.

नको असलेले रकानेही असतात. 2023 मध्ये कुणबी नोंदींच्या शोधात तहसील कचेऱ्यांतून जुने गाव नमुना 14 आणि कोतवाल बुकं, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या निघाल्या. मोडी वाचणारे शोधावे लागले, पण अक्षर वाचता आलं. कोतवालाने सवयीने लिहिलेल्या जातीवर आज घराघरांचे दाखले ठरतायत. रवांडात बेल्जियन राजवटीने 1930 च्या दशकात ओळखपत्रावर वंश लिहायला लावला; 1994 मध्ये तोच रकाना वाचून रस्त्यावर माणसं वेगळी काढून मारली. तेव्हा 'असू दे, पुढे उपयोगी पडेल' असं कुणी म्हणालं, की कोणाच्या उपयोगी, ते विचार.

एखाद्या क्षेत्रीय कार्यालयात जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीपाशी अर्धा दिवस उभी राहा आणि रिकाम्या हाताने परत जाणाऱ्याला विचार, काय कमी पडलं. मग तुझी यादी घेऊन बस. माझ्या मते तीनच चांदण्या उरतात: कधी जन्मलं, कुठे जन्मलं, खबर कोणी दिली. आईचं नाव चौथं, असं तू म्हणशील. पण टाकून दिलेलं बाळ सापडलं तर गावात गावप्रमुखाने आणि शहरात पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याने खबर द्यायची, असं आपल्याच कायद्यात आहे. ते आईचं नाव कुठून आणणार?

तीनाहून जास्त उरल्या तर शनिवारी घरी ये, भांडू.

तुझा,
काका