डब्यावरचा 'अँटिऑक्सिडंट' आणि पोह्यांवरचं लिंबू

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: बाबा 62 वर्षांचे, शुगर आहे, काही वर्षांपूर्वी मूतखडा होऊन गेलाय. कोरोनात सुरू केलेली क जीवनसत्त्वाची (व्हिटॅमिन सीची) हजार मिलिग्रॅमची गोळी ते अजून रोज सकाळी पाण्यात फसफसवून पितात, कारण डब्यावर 'पॉवरफुल अँटिऑक्सिडंट' लिहिलंय. ती चालू ठेवावी का, अँटिऑक्सिडंट म्हणजे नक्की काय, आणि आई म्हणते तसं मोरावळ्यात भागेल का?

मी डॉक्टर नाही. 31 वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली, त्यातली बरीचशी बायोकेमिस्ट्रीच्या टेबलावर. त्यामुळे माझं उत्तर टेस्ट ट्यूबच्या बाजूने येणार. पण खडा होऊन गेलाय म्हणताय, तर आधी एवढं करा: डॉक्टरांची भेट होईपर्यंत ती गोळी बंद ठेवा. बंद करून विचारा, घेत घेत विचारू नका. कारण पुढे येईलच.

आता अँटिऑक्सिडंट. घरात बीटाडीनची बाटली असेल. काचेच्या पेल्यात अर्धा पेला पाणी घ्या, त्यात तीन-चार थेंब टाका. कोऱ्या चहासारखा रंग येईल. मग त्यात अर्धं लिंबू पिळून ढवळा. रंग उतरतो. बाबांच्या गोळीचा चिमूटभर चुरा टाकलात तर बघता बघता पाण्याचा रंग पार जातो. (प्रयोग झाला की पेला ओतून द्या, कोणी सरबत समजून प्यायला नको.) झालं काय, तर आयोडीनला इलेक्ट्रॉन हवे होते आणि क जीवनसत्त्वाने आपल्याजवळचे देऊन टाकले. अँटिऑक्सिडंट या भारदस्त शब्दाचा अर्थ इतकाच आहे. आम्ही कॉलेजात याच तत्त्वावर आवळ्यातलं सी मोजायचो, फक्त आयोडीनऐवजी डीसीपीआयपी नावाचा निळा रंग असायचा आणि ब्युरेटची तोटी धरून धरून बोटं आखडायची.

शरीरात ऑक्सिजन वापरला जाताना काही अर्धवट रेणू तयार होतात, इलेक्ट्रॉनसाठी वखवखलेले. हेच ते फ्री रॅडिकल. समोर चरबी येवो, प्रथिन येवो की डीएनए, ते ओरबाडणार. क जीवनसत्त्व मध्ये पडून आपला इलेक्ट्रॉन देतं आणि स्वतः त्यांच्यासारखं पिसाळत नाही, हे त्याचं वैशिष्ट्य. नंतर ग्लुटाथायोनसारखी मंडळी त्याला पुन्हा भरून कामाला लावतात. पेशीच्या तेलकट पडद्यात हीच राखण ई जीवनसत्त्व करतं, आणि त्याचा खर्च झालेला इलेक्ट्रॉनही क जीवनसत्त्वच भरून देतं.

इथपर्यंत डब्यावरचं खोटं नाही. घोळ पुढच्या उडीत आहे: रॅडिकल वाईट, म्हणजे अँटिऑक्सिडंट जितकं जास्त तितकं बरं. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला याच जातीचे रेणू मुद्दाम बनवतात. व्यायामानंतर स्नायूंना 'सुधारा स्वतःला' हा निरोपही काही अंशी त्यांच्याकरवीच जातो. 2009 साली जर्मनीतल्या एका अभ्यासात काही तरुणांना व्यायामासोबत रोज 1000 मिलिग्रॅम सी आणि 400 युनिट ई दिलं, काहींना नुसता व्यायाम. व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो, तो गोळ्या न घेणाऱ्यांत सुधारला. घेणाऱ्यांत सुधारणा दिसलीच नाही. बाबा शुगरसाठी सकाळी फिरायला जात असतील आणि घरी येऊन हा पेला पीत असतील, तर हे त्यांना जरूर वाचून दाखवा.

मोठ्या चाचण्यांतही फार काही हाती लागलेलं नाही. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या 14,641 पुरुष डॉक्टरांवर साधारण आठ वर्षं एक चाचणी चालली. रोज 500 मिलिग्रॅम सी घेऊन हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात कमी झाले नाहीत (निकाल 2008 चा). सर्दीचं म्हणाल, तर या समजाला खरा वारा घातला लायनस पॉलिंग यांनी, 1970 मध्ये. माणूस साधासुधा नव्हे, दोन नोबेल, तीही एकट्याची. पण नंतरच्या चाचण्यांची 2013 मध्ये एकत्र मोजदाद झाली तेव्हा दिसलं ते असं: रोज घेणाऱ्या सर्वसामान्य लोकांना सर्दी तितक्याच वेळा होते, फक्त मोठ्यांत ती सुमारे 8 टक्के लवकर आवरते. म्हणजे आठवड्याच्या सर्दीत अर्धा दिवस वाचला. नाक गळायला लागल्यावर गोळी सुरू करून खात्रीचा फायदा नाही. मॅरेथॉन धावणारे, कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक, यांच्यात मात्र सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. बाबा यातले नसावेत.

मग क जीवनसत्त्व बिनमहत्त्वाचं का? अजिबात नाही. त्याचं मोठं काम डब्यावर लिहिलेलंच नसतं. त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्या, हाडं या सगळ्यांना धरून ठेवणारा दोर म्हणजे कोलॅजेन. त्या दोराला पीळ घट्ट बसायला काही एन्झाइम लागतात, त्यांच्या पोटात लोहाचा एक अणू असतो आणि तो सारखा 'गंजत' असतो. क जीवनसत्त्व त्याला पुन्हा ताळ्यावर आणतं. इलेक्ट्रॉन देण्याचाच गुण, पण जागा नेमकी. ते मिळेनासं झालं की दोर सैल पडतो: हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, भरलेली जखम पुन्हा उघडणं. हा स्कर्व्ही. बकरी आपलं क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवते. माणसाकडे त्याच्या शेवटच्या पायरीचं जनुक आहे, पण मोडकं. म्हणून आपल्याला ते रोज ताटातून घ्यावं लागतं.

स्कर्व्ही म्हटलं की लोक इंग्रज खलाशांच्या गोष्टी सांगतात. मला आठवतं ते कुट नावाचं गाव. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी पूना डिव्हिजन तिथे डिसेंबर 1915 पासून एप्रिल 1916 च्या अखेरीपर्यंत तुर्कांच्या वेढ्यात अडकली. त्यात मराठा पलटणीही होत्या. गोऱ्या सैनिकांना मैद्याचा पाव आणि घोड्याचं मांस, त्यांच्यात बेरीबेरी, म्हणजे ब1 जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार. आपल्या बहुतेक जवानांनी घोड्याचं मांस नाकारलं. कणीक आणि डाळीमुळे बेरीबेरी टळली, पण ताजं काहीच नाही, म्हणून स्कर्व्ही. एकाच वेढ्यात दोन ताटं आणि दोन आजार. त्याच सुमारास लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखण्याची ताकद जवळपास नसते, पण तीच भिजवून मोड आणले की ती येते. आपल्याकडे मटकीला मोड आणून फडक्यात बांधून ठेवणाऱ्या बायकांना हे कोणी सांगायला गेलं नव्हतं.

लागतं किती? आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि तिची पोषण संस्था एनआयएन यांच्या 2020 च्या शिफारशीत पुरुषांना दिवसाला 80 मिलिग्रॅम, बायकांना 65, अंगावर पाजणाऱ्या आईला 115. स्कर्व्ही टाळायला तर 10 मिलिग्रॅमही पुरतं. आणि आतड्याचं दार अरुंद आहे. दोनशेपर्यंतचा डोस बहुतांश आत शिरतो, हजारावर गेलं की निम्म्याहून कमी. रोज दोनशे ते चारशेच्या पुढे रक्तातली पातळी फारशी वाढतच नाही, उरलेलं मूत्रपिंड बाहेर टाकतं. बाबा हजाराची गोळी पितात त्यातला मोठा भाग संडास-बाथरूममध्ये जातो.

तो जातो तेव्हा आमच्या टेबलावर काय गोंधळ घालतो ते सांगते. एक काका मूतखड्याच्या दुखण्यासाठी युरिन द्यायला आले होते. रंग बदलणारे चौकोन असलेली तपासणीची स्ट्रिप बुडवली, रक्त दाखवणारा चौकोन पिवळाच राहिला. निगेटिव्ह. रिपोर्ट तसाच गेला असता, पण मला स्लाइड बघितल्याशिवाय सही करायची सवय नव्हती. मायक्रोस्कोपखाली बघते तर लाल पेशींचा सडा. नवी स्ट्रिप, तेच. मग बाहेर येऊन विचारलं, काका, काही गोळ्या चालू आहेत का? म्हणाले, गोळ्या नाहीत हो, ते संत्र्याचं फसफसणारं घेतो, दिवसातून दोनदा. स्ट्रिपवरचा रंग ऑक्सिडेशनने उमटतो आणि लघवीत उतरलेलं सी तो उमटू देत नाही, तुमच्या पेल्यातल्या बीटाडीनसारखंच. तीन दिवस ते बंद ठेवून पुन्हा आले, तर तोच चौकोन हिरवागार. लघवीतली साखर दाखवणाऱ्या चौकोनाचंही असंच होतं. आणि शुगरवाल्यांसाठी उलटी गंमत: साखर मोजायला दंडावर चिकटवायच्या काही सेन्सरच्या सूचनांत स्पष्ट लिहिलेलं असतं की दिवसाला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त सी घेतलं तर साखर खोटी जास्त दिसू शकते. त्या आकड्यावर कोणी इन्सुलिन वाढवलं तर काय होईल, विचार करा.

आता खडा. शरीर क जीवनसत्त्वाचा काही भाग ऑक्झलेटमध्ये बदलतं, आणि बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या पुरुषांच्या पाहणीत सीच्या गोळ्या घेणाऱ्यांना खडा होण्याचा धोका सुमारे दुप्पट दिसला. दुकानदार सांगेल, दोन हजारापर्यंत सेफ आहे. ती मर्यादा धडधाकट माणसासाठी. खडा होऊन गेलेल्यांनी, मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांनी, शरीरात लोह साठण्याचा आजार किंवा जी6पीडी या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असणाऱ्यांनी तिच्या भरवशावर राहू नये. ताटातल्या लिंबू-पेरूला हे लागू नाही, उलट लिंबातलं सायट्रेट खड्याला आडवंच येतं.

आईंचा मोरावळा. आवळ्यात सी भरपूर, यात वाद नाही. जुन्या तक्त्यांत 100 ग्रॅमला 600 मिलिग्रॅम छापलेलं असायचं, एनआयएनच्या 2017 च्या तक्त्यात ते 250 च्या आसपास आलंय. तरी संत्र्याच्या चौपट-पाचपट. आवळा आंबट असल्यामुळे शिजवताना सगळं जात नाही, पण उष्णता आणि बरणीतले महिने आपला वाटा घेतातच. उन्हात वाळवलेल्या आवळा सुपारीत त्याहून कमी उरतं. पण तुमच्याकडे खरी अडचण पाकाची आहे. शुगरच्या माणसाला सीसाठी मोरावळा म्हणजे चिमूटभर हळदीसाठी पेढा. हंगामात कच्चा आवळा किसून कोशिंबिरीत घाला, नाहीतर एक मध्यम पेरू द्या, दिवसाची गरज त्यातच भागते. कोकणात असाल तर काजूची बोंडं, त्यातही संत्र्याच्या तिप्पट-चौपट असतं. कोथिंबीर आणि हिरवी मिरची यांतही सी असतं, आपण त्यांना उगाच शोभेची समजतो.

दोन चुका मात्र घरोघरी बघते. भाजी हिरवीगार दिसावी म्हणून सोडा टाकणं, त्याने सी झपाट्याने जातं. आणि तांब्याच्या भांड्यात लिंबूपाणी ठेवणं, तांबं सीचा नाश घाईने करतं आणि आंबटामुळे स्वतःही पाण्यात उतरतं. साधं पाणी ठेवा, लिंबू पेल्यात पिळा.

पोह्यांवर लिंबू पिळायचं ते गॅस बंद करून, खायच्या वेळी. पोह्यातलं, डाळीतलं, पालेभाजीतलं लोह आतड्याला सहज घेता येत नाही. क जीवनसत्त्व त्याला इलेक्ट्रॉन देऊन घेण्याजोग्या रूपात आणतं. त्यासाठी ते त्याच घासात असावं लागतं, सकाळच्या गोळीतलं दुपारच्या भाजीला उपयोगी पडत नाही. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायकांना मी रिपोर्ट देताना हे सांगायचे, आणि पोह्यांसोबतचा चहा तासभर पुढे ढकला म्हणायचे. लिंबाचं सगळ्यांना पटायचं, चहाचं कोणालाच नाही.

बाबांना डॉक्टरांकडे नेताना तो डबाही पिशवीत घाला, 'व्हिटॅमिनची गोळी' एवढ्यावरून त्यांना डोस कळणार नाही. आणि पुढची युरिन टेस्ट गोळी बंद करून तीन दिवस झाल्याशिवाय देऊ नका. आधीचे रिपोर्ट गोळी चालू असतानाचे असतील तर तेही सोबत न्या आणि तसं सांगा.