शाळेच्या वाढीव खोल्यांना पर्यावरण मंजुरी लागते का?

तुमचा प्रश्न असा : नगरपरिषदेच्या हद्दीत माध्यमिक शाळा आहे, आठ खोल्या वाढवायच्या आहेत. संस्थेतले निम्मे म्हणतात पर्यावरण मंजुरी लागेल, निम्मे म्हणतात शाळांना सूट आहे. खरं काय?

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात परवानग्यांच्या फायली सांभाळतो, तीन-चार शाळांची कामं हातून गेली आहेत. तुमच्याकडे दोन्ही बाजू चुकल्यात. मंजुरी तुम्हाला लागत नाही हे बरोबर, पण शाळा आहे म्हणून नव्हे, इमारत लहान आहे म्हणून.

केंद्राच्या २००६च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे पर्यावरण मंजुरी लागते. म्हणजे सव्वादोन लाख चौरस फुटांच्या आसपास. तुमच्या आठ खोल्या, व्हरांडा, जिना धरून सहा-सात हजार फूट होतील. मोजताना जुनं-नवं एकत्र धरा, नुसतं नवं नको. तरी तुम्ही त्या आकड्याच्या पासंगालाही पुरत नाही.

सूट मात्र खरोखर होती. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राने शाळा, कॉलेजं, वसतिगृहं यांना यातून वगळलं. २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने नव्या अधिसूचनेतून सूट परत आणली, आणि मुंबईच्या ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑगस्ट २०२५ रोजी ती पुन्हा काढून टाकली. तेव्हा कुणी जुना कागद नाचवत आलं तर त्याला ही तारीख सांगा. मोठ्या संकुलांना आता राज्याच्या प्राधिकरणापुढे जावंच लागतं.

तुमची फाईल अडली तर अडेल झाडापाशी. आवारात काय काय उभं आहे? १९७५चा झाडांचा कायदा नगरपरिषदेलाही लागू आहे, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं. तोडलंच, तर झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावायची. एका शाळेत नवा जिना बरोबर चिंचेवर येत होता. वृक्ष अधिकाऱ्याच्या माणसाने छातीच्या उंचीवर टेप गुंडाळला, चुन्याने नंबर घातला आणि हरकतींची नोटीस त्याच खोडावर ठोकली. खिळ्याने! चौथ्या दिवशी एका माजी विद्यार्थ्याची हरकत आली. साठ-पासष्ट रोपं लावायला जागा कुठली? आमच्या साहेबांनी जिना अकरा फूट सरकवला आणि हरकतीचा विषयच संपला. हे नकाशाला हात लावायच्या आधीच सुचायला हवं होतं. तुम्ही आधी झाडं मोजून नकाशावर दाखवायला सांगा.

दुसरी अडचण जुन्या मंजूर नकाशाची. संस्थेच्या कपाटात बहुतेक वाळवी लागलेली ॲमोनिया प्रिंट (नकाशाची जुन्या पद्धतीची छापील प्रत) निघते, कधी तीही नाही. मग आधीची इमारत अधिकृत आहे हे सिद्ध करण्यातच महिने जातात. नगरपरिषदेच्या रेकॉर्डमधून नक्कल मिळते का, याचा अर्ज आजच टाका.

‘साठ दिवसांत उत्तर नाही तर मंजुरी मिळाली असं समजा’ ही १९६६च्या नगररचना कायद्यातली तरतूद तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच. ती आहे. पण कार्यालयाने त्रुटीपत्र काढलं की साठ दिवस तुमच्या खुलाशापासून पुन्हा मोजतात, शिवाय नकाशा नियमात बसलेला लागतो. तिच्या भरवशावर पाया खणू नका.

अग्निशमनाचा दाखला आणि पावसाचं पाणी जिरवण्याची सोय हे आर्किटेक्ट बघतीलच. फक्त जिन्याच्या रुंदीत काटकसर करू देऊ नका. २००४ मध्ये तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागली तेव्हा ९४ मुलं गेली, आणि तिथला जिना अरुंद होता.

खोल्या जमिनीवर येणार की आहे त्या इमारतीवर मजला चढणार, हे तुम्ही लिहिलं नाही. मजला असेल तर इमारत लोडबेअरिंग, म्हणजे भिंतींवरच सगळा भार असलेली, आहे की आरसीसी कॉलमची, ते कळवा. लोडबेअरिंग असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे आधी जा, नगरपरिषदेत नंतर.