चारकोल पेन्सिलीने काढलेला चेहरा मळकट का दिसतो?

चेहऱ्यात साम्य येते, पण चित्र करडे आणि मळकट दिसते, ते जिवंत कसे व्हावे, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापुरात हौसेने व्यक्तिचित्रे काढतो. माझीही सुरुवातीची चित्रे अशीच व्हायची आणि त्याचे पहिले कारण माझे बोटच होते. बोटाने शेड पुसली की त्वचेचे तेल कागदाला लागते, त्यावर पुढचा कोळसा (चारकोल) एकसारखा बसत नाही आणि पडलेला डाग रबरानेही जात नाही. त्यासाठी पेपर स्टंप (कागदाची घट्ट, टोकदार गुंडाळी) किंवा मऊ ब्रश वापरावा आणि हाताखाली कोरा कागद ठेवावा. कच्चे रेखाटनही साध्या पेन्सिलीने करू नये, कारण ग्रॅफाइट चकाकते आणि त्या गुळगुळीत रेषेवर कोळसा धरत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. गेल्या वर्षी मी आमच्या गल्लीतील एका वयस्कर पैलवानांचे चित्र काढायला घेतले आणि दोन संध्याकाळी केवळ मिशा व पापण्यांवर घालवल्या. केस न् केस दिसत होता, परंतु चेहरा फेट्याखाली चिकटवल्यासारखा वाटत होता. तो कागद बाजूला ठेवून मी डोळे किलकिले करून पाहिले, तेव्हा फेट्याची कपाळावरची सावली, डोळ्यांच्या खोबण्या आणि नाकाची एक बाजू हा सगळा मिळून एकच सलग गडद आकार आहे, हे लक्षात आले. नव्या कागदावर आधी तो आकार सपाट भरला, नाकपुड्या व बुबुळे तेवढी सर्वांत काळी केली आणि मग कणकेसारख्या मळता येणाऱ्या नीडेबल रबराचे टोक काढून खालच्या पापणीची ओली कड अलगद टिपून घेतली. डोळ्याचा पांढरा भाग मात्र पांढरा सोडला नाही. वरच्या पापणीच्या सावलीत तो बराच करडा असतो, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. मिशा शेवटी दहा मिनिटांत झाल्या.

रेषेवाचून केवळ छायाप्रकाशाने आकार कसा उभा राहतो, हे पाहायचे असेल तर राजारामपुरीतील चंद्रकांत मांढरे कलासंग्रहालयात जावे. चित्रपट अभिनेते चंद्रकांत यांची पावडर शेडिंगची, म्हणजे भुकटीने छटा देऊन काढलेली, चित्रे तिथे आहेत. माध्यम थोडे वेगळे असले तरी कोळशाने काम करणाऱ्याला ती जवळची वाटतात.

कागद किंचित खरबरीत घ्यावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो दमट होतो आणि शेड ठिपकेदार उतरते, म्हणून त्या दिवसांत मी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवतो. फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर पक्का करणारा फवारा, साधारण हातभर अंतरावरून, दोन पातळ थरांत मारावे. त्याने चित्र थोडे गडद होते. नाकाच्या शेंड्यावरचा प्रकाश त्याआधीच उचलून घ्यावा, कारण नंतर तिथे रबर नीट चालत नाही.