वर्गात सैन्यसेवा शिकवताना

हा विषय पहिल्यांदाच घेताय, जरूर घ्या! सुरुवातीला दोनच गोष्टी सांभाळा.

१. ‘शूरवीर’ किंवा ‘युद्धखोर’ म्हणालात की मुलं तुमचं मत ओळखतात आणि गप्प बसतात. त्यापेक्षा सैनिकाचा एक दिवस फळ्यावर मांडा: पहाटेची कवायत, गाड्यांची दुरुस्ती, रात्रीचा पहारा, घरी फोन. स्वयंपाकी आणि परिचारिकाही सैन्यात असतात म्हटलं की प्रश्न सुरू होतात. मग सांगा, काही देशांत सेवा सक्तीची, काहींत ऐच्छिक. कोस्टा रिकाने तर १९४८ मध्ये सैन्यच बरखास्त केलं.

२. ‘कुणाच्या घरचं कोण सैन्यात आहे?’ असं सगळ्यांसमोर विचारू नका. मी विचारलं होतं. वडील गमावलेली एक मुलगी तासभर वहीचा कोपरा दुमडत राहिली.

युद्धविषयक कायदे, करार सध्या राहू द्या.