काम सुरू होण्याआधीच अपयशाची कारणे कशासाठी शोधायची?

प्रश्न : आमच्या संस्थेतील अनेक वर्षांच्या कागदी नोंदी संगणकावर आणण्याचे काम लवकरच सुरू होत आहे. ‘प्रकल्प फसला आहे’ असे आधीच गृहीत धरून सर्वांनी एक बैठक घ्यावी, असे एका सहकाऱ्याने सुचवले आहे. जोखमींची यादी तर आमच्याकडे तयार आहे. मग हा वेगळा खटाटोप कशासाठी, आणि त्यामुळे सहकाऱ्यांचा उत्साह मावळणार नाही का?

उत्तर : या पद्धतीला प्रीमॉर्टेम म्हणतात. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील लेखात ती सविस्तर मांडली. जोखमींची यादी करताना ‘काय चुकू शकेल?’ असे विचारले जाते. पण ज्या आराखड्यासाठी सर्वांनी कष्ट घेतले आहेत आणि ज्याला वरिष्ठांनी संमती दिली आहे, त्याच्याविषयी माणसे हातचे राखून बोलतात. निधीला उशीर होईल, मनुष्यबळ अपुरे पडेल, अशी कोणालाही न दुखावणारी उत्तरे मग कागदावर येतात.

प्रीमॉर्टेममध्ये प्रमुखाने सांगायचे असते, ‘वर्ष उलटले आहे आणि प्रकल्प साफ फसला आहे, तो का फसला, ते लिहा.’ अपयश झालेलेच आहे असे धरल्यावर शंका काढणारा माणूस खोडा घालणारा ठरत नाही, उलट नेमके कारण सांगणे हेच त्याचे काम होते. घटना निश्चितपणे घडून गेली आहे असे मानले की माणसांना तिची अधिक कारणे सुचतात, हे मिचेल, रूसो आणि पेनिंग्टन यांच्या १९८९ मधील संशोधनातही दिसले होते.

सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे सुरुवातीची काही मिनिटे प्रत्येकाने न बोलता, स्वतंत्रपणे लिहिणे. हा भाग वेळ वाचवण्यासाठी गाळला जातो आणि मग पहिल्या बोलणाऱ्याच्या मागे सगळी चर्चा वाहत जाते. तुमच्या बैठकीत नोंदी रोज हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना अवश्य बसवा. ‘एकाच व्यक्तीचे नाव जुन्या वह्यांमध्ये तीन प्रकारे लिहिलेले होते आणि ते जुळवण्यातच मुदत संपली’ किंवा ‘संगणकावर विश्वास नसल्याने आम्ही वहीतही नोंदी करत राहिलो’ अशी कारणे त्यांच्याच चिठ्ठ्यांवर सापडतील. नंतर प्रत्येकाने एका फेरीत एकच कारण वाचावे. प्रमुखाने स्वतःचे कारण आधी वाचल्यास इतरांची भीड चेपते.

उत्साहाबद्दलची तुमची काळजी मला पटते, कारण कारणे फळ्यावर लिहून बैठक तिथेच संपवली तर मन नक्कीच खचेल. म्हणून त्यांतील गंभीर आणि आपल्या हातातील कारणे निवडून आराखडा त्यानुसार बदलला पाहिजे. नावांचा घोळ हे कारण पुढे आले, तर थोड्या वह्यांवर आधी चाचणी घ्यावी, नावे लिहिण्याचा नियम ठरवावा आणि त्याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवावी.

ही बैठक आराखडा तयार झाल्यावर, पण करारावर सह्या होण्यापूर्वी घ्या. त्यानंतर मुदत वाढवणेही महाग पडते आणि माघार घेणेही.