कोळसा बंद झाला तर पोराचं काय?

"मॅडम, कोयसा बंद होनार म्हन्तेत. मंग पोराले कोन्ता कोर्स लावू?"

खुर्चीत बसायच्या आधीच भाऊंनी हे विचारलं. वय अठ्ठेचाळीस. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका औष्णिक केंद्रात कोल हँडलिंगला, म्हणजे रेल्वेच्या वाघिणींतून उतरलेला कोळसा सरकत्या पट्ट्यांवरून बंकरपर्यंत (साठवणीच्या कोठ्यापर्यंत) नेणाऱ्या विभागात, बावीस वर्षं कंत्राटी कामगार. सोबत वीस वर्षांचा मुलगा, नुकताच आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेला. त्याच्या हातात एका खासगी संस्थेचं रंगीत पत्रक होतं: 'ग्रीन एनर्जी डिप्लोमा', सहा महिने, फी पंचेचाळीस हजार, नोकरीची शंभर टक्के हमी. पहिला हप्ता सोमवारी भरायचा होता आणि भाऊंनी पतसंस्थेत कर्जाची बोलणीही करून ठेवली होती. माझ्याकडे आले तो गुरुवार.

वणी, घुग्घुस, भद्रावती, उमरेड, या सगळ्या पट्ट्यातून हाच प्रश्न घेऊन आईबाप माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला येतात, म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहिते. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

पहिला अर्धा तास मी पत्रकाला हातच लावला नाही. भीती नेमकी कशाची आहे ते आधी कळायला हवं होतं. भाऊंनी मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला होता. 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने 2070 पर्यंत 'नेट झिरो'चं, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच शोषला जाईल असं, उद्दिष्ट जाहीर केलं, ती बातमी त्यात फिरवून फिरवून सांगितली होती. भाऊंच्या कानावर ती 'प्लांटला कुलूप' अशी आली होती. "कायमवाल्याची बदली होईन. आमचं कंत्राट संपन," ते म्हणाले. ही भीती खोटी नाही. पण ती कोणाची, केव्हाची, हे वेगळं करावं लागतं.

मी कागदावर दोन रेघा ओढल्या. एक वडिलांच्या उरलेल्या नोकरीची, दहा-बारा वर्षांची. दुसरी मुलाची, चाळीस वर्षांची. मग खाली आज काय चाललंय ते लिहिलं. 2024-25 या एका वर्षात देशात 100 कोटी टनांहून जास्त कोळसा निघाला, आजवर कधी निघाला नव्हता इतका. त्याच वर्षात सौर विजेची बसवलेली क्षमता 1 लाख मेगावॅटच्या पुढे गेली. 2025 च्या मध्यावर देशातली निम्मी वीजक्षमता कोळसा-तेल-वायू सोडून इतर स्रोतांची झाली. पण सूर्य रात्री नसतो, वारा रोज सारखा नसतो, म्हणून प्रत्यक्ष वापरली जाणारी बहुतांश वीज अजून कोळशाचीच आहे. आपल्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातले 210 मेगावॅटचे सगळ्यात जुने दोन संच बंद झाले, तर 500 मेगावॅटचे दोन संच 2016 च्या सुमारास नव्याने सुरूही झाले.

म्हणजे बातमी एकच, पण बापाला आणि लेकाला तिचे अर्थ वेगवेगळे. भाऊंचं काम उद्या जाणार नाही. मुलाने मात्र कोळशावर चाळीस वर्षांचा हिशेब मांडू नये. एवढं ऐकल्यावर भाऊंच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. घाबरलेल्या माणसाकडून सोमवारी पैसे भरून घेणं फार सोपं असतं, आणि अशी पत्रकं त्या सोमवारवरच चालतात.

भाऊ चहाला बाहेर गेले तेव्हा मुलगा पहिल्यांदा बोलला. "मॅडम, मले काम कोन्तंही चालते. पन दोन वर्सं गाव सोडता येत नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, बाबाची शिफ्ट ड्युटी, अन् तीन एकर कपाशी पाहाले कोनी नाही."

सगळा सल्ला या एका वाक्याने बदलला. कारण ग्रीन जॉब म्हणून जे काही आहे, ते गावोगाव सारखं वाटलेलं नाही. हे मी एका मुलीच्या नुकसानातून शिकले आहे. काही वर्षांपूर्वी पूर्व विदर्भातल्याच एका हुशार मुलीला मी पवनचक्की तंत्रज्ञाचं प्रशिक्षण सुचवलं. तिने ते जिद्दीने केलं, उंचीवर काम करण्याचं प्रमाणपत्रही मिळवलं. पण महाराष्ट्रातल्या पवनचक्क्या साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर, सांगलीकडे, धुळे-नंदुरबारच्या माळांवर. आपल्याकडे एकही नाही. कामं आली ती सहाशे-सातशे किलोमीटरवरची, आणि घरच्यांनी पाठवलं नाही. ते सुरक्षा प्रमाणपत्र दोन वर्षांनी उजळणी करून नवं करावं लागतं. तिचं तसंच संपलं. मुलीत काही कमी नव्हतं. तिला पाठवण्याआधी मी नकाशा पाहिला नाही, ही चूक माझी.

म्हणून आता मी कोर्सच्या आधी नकाशा काढते. मुलाच्या गावाभोवती तीन वर्तुळं काढली.

सगळ्यात बाहेरचं वर्तुळ मोठ्या प्रकल्पांचं. राजस्थानातलं भडला, कच्छमधलं खावडा, जिथे 30 हजार मेगावॅटचं उद्यान उभं राहतंय. तिथे माणसं लागतात, पण कशी लागतात ते समजून घ्या. खांब रोवायला, पॅनेल चढवायला, केबल ओढायला काही महिने मोठी फौज. प्रकल्प सुरू झाला की राखायला आणि धुवायला मोजकी माणसं. सीईईडब्ल्यू आणि एनआरडीसी या ऊर्जा-पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थांनी 2017 मध्ये मांडलेला हिशेब मला फार उपयोगी पडतो. एका माणसाचं एका वर्षाचं काम हे माप धरलं, तर जमिनीवरच्या मोठ्या सौर प्रकल्पात एका मेगावॅटमागे साडेतीनच्या आसपास काम निर्माण होतं. तोच एक मेगावॅट लहान-लहान छतांवर विखुरला तर जवळपास पंचवीस. बातमीत मोठा आकडा मोठ्या प्रकल्पाचा असतो, रोजगाराचा मोठा आकडा मात्र गल्लीबोळातल्या छपरांवर असतो.

मधलं वर्तुळ रात्रभराच्या प्रवासाचं: चाकण, छत्रपती संभाजीनगर, म्हणजे विजेवर चालणाऱ्या गाड्या आणि त्यांचे सुटे भाग. मुलगा दोन वर्षांनी मोकळा झाला तर हा रस्ता आहे. आयटीआयमध्ये आता इलेक्ट्रिक व्हेईकल मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेडही आहे. आज तो बाजूला ठेवला.

आतलं वर्तुळ मोटारसायकलवर तासाभराचं. इथे आम्ही बराच वेळ घालवला. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या घरगुती संचाला 78 हजारांचं अनुदान आहे, त्यामुळे तालुक्याच्या गावांतही छतावर पॅनेल दिसू लागली आहेत. सिमेंटचे कारखाने आहेत, तिथे भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीज करणं, मोटारींचा वीजवापर घटवणं, अशी कामं चालतात. पाटीवर 'ग्रीन' लिहिलेलं नसतं, पण काम तेच. आणि सगळ्यात मोठं म्हणजे सौर कृषिपंप. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत सर्वसाधारण शेतकरी किमतीच्या 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी 5 टक्के भरतो. आपल्या जिल्ह्यात या पंपाचं महत्त्व पुण्या-मुंबईत बसून कळणार नाही. इथे रात्रीची लाइन आली की ओलितासाठी वाघाच्या वाटेवर जावं लागतं. दिवसा पाणी देता येणं हा जिवाचा प्रश्न आहे.

आता यातली गोम अशी, की बसवणाऱ्या कंपनीवर त्या पंपाच्या 5 वर्षांच्या दुरुस्तीची जबाबदारी असते. उंदराने केबल कुरतडली, माकडांनी पॅनेलवर उड्या मारल्या, कंट्रोलर ट्रिप झाला, तर कोणीतरी जवळचाच माणूस जावा लागतो. कच्छहून कोणी येत नाही.

पण हे माझं अनुमान होतं. म्हणून मुलाला आठ दिवसांचं काम दिलं. पतसंस्था आणि पत्रक दोन्ही थांबवायची, वही घेऊन सौर पंपांच्या पाच पुरवठादारांकडे जायचं आणि नोकरी न मागता विचारायचं: तुमच्याकडे कोणतं काम माणसाअभावी अडतं? शेवटचा माणूस कुठून घेतला? तो का सोडून गेला? पगार रोजावर की महिन्यावर, पीएफ आहे का, चढताना सेफ्टी बेल्ट देता का? मग त्या खासगी संस्थेतही जायचं: कोर्सला एनसीव्हीईटीची (व्यवसाय शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची) मान्यता आहे का, मागच्या बॅचची पाच मुलं आज कुठे आहेत, आणि शिकवायला खरं छप्पर, खरा इन्व्हर्टर कुठे आहे ते दाखवा.

आठ दिवसांनी तो आला तेव्हा वहीची अकरा पानं भरली होती. संस्थेत छप्पर नव्हतं, प्रोजेक्टर होता. मागच्या बॅचची नावं 'ऑफिसला विचारून सांगू' असं म्हणाले. पुरवठादारांकडचं उत्तर मात्र पाचपैकी चौघांचं एकच निघालं. वरोऱ्याकडच्या एकाने सांगितलेलं त्याने तसंच लिहून आणलं होतं: "पॅनेल चढवनारे दहा भेटतात. ड्राइव्ह का बंद पडला हे मीटर लावून सांगनारा एक भेटत नाही." ड्राइव्ह म्हणजे पंपाचा कंट्रोलर.

मी त्याला विचारलं, "मग हे तुला येतं का?"

"अर्धं येते," तो म्हणाला. "एसीचं येते. डीसीचं नाही."

त्याला कोणता कोर्स हवा, ते या दोन वाक्यांत आलं. आयटीआयने मोटार, अर्थिंग, मल्टिमीटर शिकवलं होतं. राहिलं होतं ते डीसीचं, म्हणजे पॅनेलमधून येणाऱ्या विजेचं: पॅनेलच्या माळेचा व्होल्टेज, डीसी कनेक्टर नीट दाबणं, इन्व्हर्टरचे फॉल्ट कोड. ही भर घालायला पंचेचाळीस हजार लागत नाहीत. 2015 पासून केंद्राच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा सूर्यमित्र कार्यक्रम चालतो, साधारण तीन महिन्यांचा, विनाशुल्क. आयटीआयमध्ये सोलर टेक्निशियनचा एक वर्षाचा ट्रेडही आहे, पण इलेक्ट्रिशियन झालेल्या मुलाने पुन्हा ते वर्ष घालवावं असं मला वाटत नाही. क्रम असा ठरला: आधी एका पुरवठादाराकडे मदतनीस, त्याच काळात वायरमन परवान्याचा अर्ज, आणि सूर्यमित्रची बॅच मिळाली की ते तीन महिने.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण उत्साहात ती कोणी सांगत नाही. काम हिरवं आहे म्हणून नोकरी चांगली असतेच असं नाही. मुलाला सुरुवातीला दिवसाला साडेतीनशे रुपये मिळाले, पीएफ नाही. मे महिन्यात चंद्रपूरचं ऊन पंचेचाळीसच्या पुढे जातं आणि टिनाच्या छपरावर हात टेकवत नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने फोन केला: बेल्ट एकच आहे आणि चढणारे तिघं. मी सांगितलं, बेल्ट नसेल तर चढू नकोस, रोज बुडाला तरी चालेल. तिसऱ्या दिवशी त्याने घरून बेल्ट नेला. भाऊंचा, प्लांटमधला जुना. मीच त्याला तो परत करायला लावला, कारण झिजलेला पट्टा धीर देतो आणि ऐन वेळी तुटतो. शेवटी तिघांनी मिळून मालकाकडे मागणी केली आणि दोन नवे बेल्ट आले.

चार महिन्यांनी तो पंपांच्या तक्रारींवर एकटा जाऊ लागला, महिन्याच्या पगारावर. नंतर सूर्यमित्र झालं. वायरमन परवान्याची अजून वाट पाहतोय. दोन वर्षांनी चाकणला जायचं की इथेच स्वतःचं दुरुस्तीचं काम सुरू करायचं, हे त्याने ठरवलेलं नाही आणि मीही घाई करत नाही.

मागच्या महिन्यात भाऊ एकटेच आले. या वेळी खुर्चीत बसले, बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोराचं तर लागलं मॅडम. माह्यं काय?"

हा प्रश्न मला मुलाच्या प्रश्नापेक्षा अवघड जातो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी त्यांना छपरावर चढवणार नाही. त्यांना येतं ते पट्ट्याचं काम: कुठला रोलर आवाज करतोय, पट्टा कुठे सरकतोय, धूळ कुठे पेट घेईल. 2021 मध्ये केंद्राने औष्णिक केंद्रांना कोळशाबरोबर 5 टक्के बायोमास पेलेट जाळायला सांगितलं. आपल्याकडच्या पऱ्हाटी-तुराट्यांचे, म्हणजे कपाशी-तुरीच्या वाळक्या काड्यांचे, पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) झाले तरी ते शेवटी पट्ट्यावरूनच जाणार, आणि पेलेट कोळशापेक्षा लवकर ओलाही होतो, लवकर पेटतोही. ते हाताळायला सावध, जुनी माणसंच लागतील. पण हे 'लागतील' झालं. आजच्या आज करण्यासारखं काय, म्हणून मी विचारलं, "भाऊ, बावीस वर्षांत कंत्राटदार किती बदलले?"

"सात."

"पीएफचा नंबर एकच आहे?"

त्यांना माहीत नव्हतं. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा एकच नंबर, 2014 ला आला. त्याआधीची खाती प्रत्येक कंत्राटदाराकडे वेगळी. ती जोडलेली नसतील तर बावीस वर्षांची नोकरी कागदावर दिसतच नाही, आणि उद्या भरपाई, पेन्शन किंवा पुनर्प्रशिक्षण काहीही आलं तरी पहिलं विचारतील ते कागद. संध्याकाळी मुलगा पंपाच्या कामावरून थेट माझ्याकडे आला, हात मातीने भरलेले. दोघं मोबाइल घेऊन बसले. तासाभरात तीन कंत्राटदारांची खाती सापडली. बाकी चौघांच्या जुन्या पगारपावत्या घरी ट्रंकेत आहेत, असं भाऊ म्हणाले. रविवारी घेऊन येणार आहेत.