‘तू ठरवशील तसं’ म्हणणारा नवरा

वाचकाचं पत्र

ताई, मी ३६ वर्षांची. माहेर-सासर दोन्ही कोल्हापुरातच. एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. लग्नाला ११ वर्षं झाली, मुलगी ८ वर्षांची. मिस्टरांचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. चार वर्षांपूर्वी त्यांची मोठी ऑर्डर गेली, कर्ज थकलं. तेव्हा सगळा हिशेब मी हातात घेतला आणि निभावून नेलं. तेव्हापासून हप्ते, मुलीची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, सगळं मीच ठरवते. ते कशालाच आडवे येत नाहीत. माणूस चांगला आहे, व्यसन नाही.

पण रात्रीचंही माझ्यावरच पडलंय. जवळ मीच जाते, ते आपणहून हातसुद्धा लावत नाहीत. मागं एकदा ‘आज नको’ म्हणाले, ते मला इतकं लागलं की मी दोन दिवस बोलले नाही. त्यानंतर कधी नको म्हणालेले नाहीत, पण त्यात जीवही नसतो. परवा विचारलं, ‘मी आवडत नाही का तुम्हाला?’ तर म्हणाले, ‘तसं कुठं? तू ठरवशील तसं.’ आई म्हणते, ‘तू लई पुढं पुढं करतीस. बाईमाणसानं जरा दबून राहावं, मग पुरुष आपसूक जवळ येतो.’ मी दबून राहू का? हे लिहितानाही लाज वाटते आहे.

एक वाचक, शिवाजी पेठ

ताईंचं उत्तर

प्रिय मैत्रिणी,

दबून राहू नका. हे आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश बोलू.

लाजेचंही आधीच बोलूया. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. कामसुखावर बाईचा पुरुषाइतकाच हक्क आहे, हे त्यांनी त्या काळात उघड लिहिलं. वाचकांच्या अशाच खाजगी प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४ मध्ये कोर्टात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तुमचं पत्र आज इथं छापता येतं, त्यामागं ही माणसं आहेत. नवऱ्याची ओढ वाटणं, ती दाखवणं, स्वतःहून जवळ जाणं यात खाली मान घालण्यासारखं काही नाही. ११ वर्षांनंतरही ती ओढ शिल्लक आहे, ही तुमच्या संसाराची मोठी जमेची बाजू आहे.

आता पत्रातल्या त्या वाक्याकडं येते, जे तुम्ही ओघात लिहून पुढं गेलात. ते एकदा नको म्हणाले आणि तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत.

तुम्हाला लागलं ते मला कळतं. रोज पतसंस्थेत, घरात, दवाखान्यात ठाम उभी राहणारी बाई ज्या एका ठिकाणी स्वतःला उघडं करते, तिथंच नकार मिळाला. पण त्या दोन दिवसांत त्यांनी काय शिकलं असेल? इथं नको म्हणालं की घर गप्प होतं, हेच. मग ते नको म्हणायचे थांबले. आणि ज्याला नको म्हणता येत नाही, त्याच्या होकारात जीव कुठून येणार? हेच पत्र उलट आलं असतं, म्हणजे एखाद्या बाईनं लिहिलं असतं की मी एकदा नको म्हणाले तर नवऱ्यानं दोन दिवस अबोला धरला, आता मी मुकाट्यानं हो म्हणते, तर तुम्ही-मी दोघींनीही त्याला दडपण म्हटलं असतं. पुरुषासाठी माप वेगळं कसं लावायचं?

तुमच्या घरात पुढाकार आणि ताबा यांची अशी गल्लत झाली आहे. पुढाकार घेणारी व्यक्ती विचारत असते, समोरच्यानं काहीही म्हणावं. ताब्यात उत्तर आधीच ठरलेलं असतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, कारण दोन्हीकडं पहिला हात तुमचाच. तुमचा हेतू विचारण्याचाच आहे याबद्दल मला शंका नाही. पण गेली चार वर्षं ज्या घरात प्रत्येक गोष्टीला ‘तू ठरवशील तसं’ हेच उत्तर आहे, तिथं त्यांना तुमचा स्पर्शही आणखी एक ठरलेलं काम वाटत असेल. हप्ता भरायचा, गॅस बुक करायचा, आणि हे.

कर्ज थकलं तेव्हा तुम्ही हिशेब हातात घेतला, ते योग्यच केलंत. नाहीतर शॉप गेलं असतं. मात्र अडचणीपुरती केलेली व्यवस्था कायमची झाली आणि तिच्याबद्दल तुम्ही दोघं एकदाही बोलला नसाल, असं मला पत्रावरून वाटतं. त्या वर्षी त्यांची ऑर्डर तर गेलीच, शिवाय घरातली जागाही गेली. आपल्याकडं पुरुषाची किंमत तो किती कमावतो आणि घरात त्याचा शब्द किती चालतो यावर ठरते. पेठेत, तालमीत, चहाच्या गाड्यावर ‘बायकोच्या ताटाखालचं मांजर’ असं कुणी हसत हसत म्हटलं, तरी ते आतवर जातं. अपयशाची ही जाणीव घेऊन माणूस अंथरुणावर येतो, तेव्हा इच्छेच्या आधी भीती येते: इथंही कमी पडलो तर?

हे त्यांची बाजू घेऊन म्हणत नाही. त्यांच्या गप्प राहण्याचीही मला काळजी वाटते. ‘तू ठरवशील तसं’ हे वाक्य समजूतदार वाटतं, पण त्यात सगळी जोखीम तुमच्या पदरात पडते. नकाराचं भय तुम्ही सोसायचं, चूक झाली तर ती तुमची, आणि ते कायम सुरक्षित. कधीच काही न मागणारा माणूस दुसऱ्याला एकटं पाडतो. हे त्यांना कळायला हवं, आणि ते तुम्हीच सांगायला हवं.

कुठं सांगायचं, हे महत्त्वाचं आहे. खोलीत रात्री नको, भिंतीपलीकडं सासूबाई असताना तर नकोच. संध्याकाळी रंकाळ्यावर चालायला जा. शेजारी शेजारी चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, अवघड बोलणं सोपं होतं. सुरुवात तक्रारीनं करू नका. ‘त्या वेळी तुम्ही नको म्हणालात आणि मी अबोला धरला, ते माझं चुकलं. यापुढं तुम्हाला नको असेल तर नको म्हणा, मी रागावणार नाही,’ एवढं म्हणा आणि थांबा. त्यांना उत्तर सुचायला वेळ लागेल. मधली शांतता तुम्ही भरून काढू नका. पतसंस्थेत तुम्हाला पटकन निर्णय द्यायची सवय आहे, ती इथं आवरावी लागेल. त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत तरी हरकत नाही, पुन्हा जा. ते बोलायला लागले की मग तुमचं सांगा: ‘मलाही कुणीतरी हवंसं म्हणावं असं वाटतं. दर वेळी मीच आले तर मला मागितल्यासारखं वाटतं.’

आणि पुढच्या वेळी ते खरोखर नको म्हणतील, तेव्हा तुमची कसोटी आहे. सकाळी चहा नेहमीसारखाच व्हायला हवा.

घरातल्या कारभारातलं काहीतरी त्यांच्याकडं परत द्या. नावापुरतं नको, खरं द्या. शॉपचा हिशेब तरी त्यांचा त्यांना बघू दे, किंवा मुलीच्या शाळेचं सगळं त्यांच्याकडं सोपवा. ते तुमच्या पद्धतीनं करणार नाहीत, एखादी तारीख चुकेल. ती चुकू दे. मागून जाऊन दुरुस्त केलंत तर दिलेलं परत घेतल्यासारखं होईल. हे अंथरुणातल्या कशाच्या बदल्यात मात्र करू नका. निम्मं घर त्यांचं आहे म्हणून करा.

इच्छेबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नसते. आधी मनात इच्छा येते आणि मग माणूस जवळ येतो, असंच सगळे धरून चालतात. कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली मांडलं की विशेषतः जुन्या नात्यातल्या स्त्रियांमध्ये हा क्रम पुष्कळदा उलटा असतो: आधी जवळीक, निवांतपणा, स्पर्श, आणि त्यातून इच्छा जागी होते. पुरुषांतही असं होतं, फक्त पुरुष ते कबूल करत नाहीत, कारण त्यांनी कायम तयारच असायला हवं असं त्यांना शिकवलेलं असतं. म्हणून काही दिवस शरीरसंबंध बाजूलाच ठेवा. दोघांनी आधीच ठरवायचं की आज ते होणार नाही. फक्त पाठीवरून हात, डोक्याला तेल, शेजारी पडून बोलणं. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी जोडीनं १९७० मध्ये ही पद्धत जगापुढं आणली आणि लैंगिक समस्यांवर उपचार करणारे तज्ज्ञ ती आजही सुचवतात. परीक्षाच नाही म्हटल्यावर नापास होण्याची भीती जाते. यात पाळी ठेवा. एकदा तुमची, एकदा त्यांची. त्यांची पाळी असेल तेव्हा काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, आणि आठवडाभर त्यांनी काहीच केलं नाही तरी तुम्ही आठवण करून द्यायची नाही. हे तुम्हाला जड जाईल. तरी करा.

मुलगी अजून तुमच्याच खोलीत झोपते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झोपत असेल तर ८ वर्षांची मुलगी आजीजवळ आनंदानं झोपेल.

शरीराकडंही बघा. नवरा चाळिशीच्या आसपास असेल. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, रक्तदाबावरची काही औषधं, नैराश्य आणि त्यावरच्या काही गोळ्या, या सगळ्यांचा कामेच्छेवर परिणाम होतो. त्यांना ताठरतेची अडचण असेल आणि ते लाजेनं जवळ येणं टाळत असतील, तर ते नुसतं मनाचं दुखणं समजू नका. रक्तवाहिन्यांचा किंवा हृदयाचा आजार पुष्कळदा आधी तिथं दिसतो. नेहमीच्या फिजिशियनकडं जाऊन साखर, बीपी तपासून घ्या. भिंतींवर जाहिराती रंगवणाऱ्या ‘गुप्तरोग तज्ज्ञां’च्या पायरीला पाय लावू नका. तपासण्या बऱ्या आल्या आणि तीन-चार महिन्यांत बोलूनही काही हललं नाही, तर समुपदेशकाकडं किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडं दोघांनी मिळून जा. त्यांना एकट्याला ‘दुरुस्त करायला’ पाठवू नका.

आईचं ‘दबून राहा’ मी इतक्या जोरानं नाकारते, त्याला कारण आहे. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी पत्रांमधल्या बायका वर्षानुवर्षं दबूनच राहिल्या आहेत आणि त्यांचे नवरे विचारतच नाहीत. ही ओळ वाचणाऱ्या अशा कुणासाठी लिहून ठेवते: २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ धरलेला आहे, तो नवऱ्यानं केला तरी. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. तुमच्या घरी असलं काही नाही. पण दबून राहण्यानं प्रेम वाढलेलं मी पाहिलेलं नाही.

आणि आईला काय सांगायचं? काहीच नाही. तुमच्या खोलीतलं यापुढं तुमच्या दोघांतच राहू दे. आई पुन्हा विचारेल तेव्हा ‘बरं चाललंय’ म्हणा आणि विषय बदला. आपण नको म्हणालो ते तुमच्या आईपर्यंत पोचलं, हे जर नवऱ्याला कळलं असेल, तर रंकाळ्यावरच्या पहिल्या फेरीत त्याचीही माफी मागा.

तुमची ताई